प्लॅटफॉर्म, फलाट आणि पृथ्वी

प्रश्न : ठाणे स्थानकात ‘फलाट क्रमांक पाच’ अशी घोषणा होते. आठवीत शिकणारा माझा मुलगा मात्र ‘फलाट’ हा अशुद्ध शब्द असून ‘प्लॅटफॉर्म’ असेच म्हटले पाहिजे, असा आग्रह धरतो. अपभ्रंश म्हणून हा शब्द टाळावा काय?

उत्तर : मुळीच टाळू नये. ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘सपाट आकार’ हा त्याचा शब्दशः अर्थ. आरंभी तो जमिनीवरील बांधकामाच्या आराखड्यासाठी आणि तोफा ठेवण्याच्या चौथऱ्यासाठी वापरला जाई, आणि रेल्वेचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात, लोहमार्ग पसरू लागल्यावर मिळाला. त्यातील पहिल्या अंशाच्या मुळाशी ‘प्लाटुस’ हा रुंद, सपाट अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि तो संस्कृत ‘पृथु’चा भाऊबंद आहे. ‘पृथ्वी’, म्हणजे विस्तीर्ण असलेली ती, हे नावही याच कुळातले. २०२४ मध्ये ठाण्याचा पाच क्रमांकाचा फलाट रुंद करण्यात आला, तेव्हा तो खऱ्या अर्थाने ‘पृथु’ झाला, असे म्हणता येईल. मला स्वतःला हे नाते फार मोलाचे वाटते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोहोचली. रेल्वेच्या विस्ताराबरोबर हा शब्दही लोकांच्या तोंडी आला, आणि ‘लॉर्ड’चा जसा ‘लाट’ झाला तसा ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ झाला. फलाटावर, फलाटाला, फलाटावरची गर्दी अशी रूपे तो इतक्या सहजतेने घेतो की त्याला परका म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलाने ‘प्लॅटफॉर्म’ म्हटल्यास तेही चूक नाही. चूक आहे ती ‘फलाट’ला अशुद्ध ठरवण्यात.

पुरवणी प्रश्न : मग समाजमाध्यमांनाही ‘फलाट’ म्हणावे काय?

उत्तर : नाही, कारण मराठीत ‘फलाट’चा अर्थ रेल्वेपुरता आकसला आहे. जेथे माणसे आपले म्हणणे मांडतात तेथे ‘मंच’ किंवा ‘व्यासपीठ’ शोभते. ज्या संगणकप्रणालीवर इतर सेवा उभ्या राहतात तिला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणणेच सुबोध आहे. अमेरिकी राजकीय पक्षाचा ‘प्लॅटफॉर्म’ मात्र यांपैकी काहीच नव्हे. तेथे ‘जाहीरनामा’ असे भाषांतर करावे.