डोळ्यांत बघितलं की ऐकू येईनासं होतं. आईला कसं सांगू?

रातराणी:
मी ३४ वर्षांची, खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं.

परवा मावशी आली होती. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात कोणी कधी थांबायचं ते ठरवत होती. आईने मला खुणावलं, "तिच्याकडे बघ की." मी बघितलं. त्यानंतर मावशीच्या पापण्या आणि चष्म्यात दिसणारी ट्यूबलाइट एवढंच उरलं. मंगळवार माझ्याकडे आहे हे ऐकूच आलं नाही. सतरंजीकडे बघत बसले असते तर शब्दन् शब्द सांगितला असता. रात्री आई म्हणाली, "तुला आमची काही पडलेलीच नाही." फार लागलं ते. तिच्या गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत.

"बघू" म्हणजे बहुतेक नाही, निघताना "येते" म्हणायचं, हे मी पाठ करून शिकले. पण कोणी लेकी बोले सुने लागे असं बोललं, तर ते मला उद्देशून होतं हे दुसऱ्या दिवशी कळतं.

असं का होतं?

गणिताच्या बाई:
माझा मुलगा २६ वर्षांचा, ऑटिस्टिक. लहानपणी त्याची हनुवटी धरून "माझ्याकडे बघून बोल" म्हणायचे. आज त्याचं वाईट वाटतं.

२०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी ऑटिस्टिक लोकांना चेहऱ्यांचे व्हिडिओ दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. नजर डोळ्यांवरच ठेवायला लावली तेव्हा मेंदूच्या खोलवरच्या भागांत, त्यात भीतीसारख्या भावना हाताळणारा अमिग्डालाही आला, प्रमाणाबाहेर सक्रियता दिसली. म्हणजे नजर वळवणं हे त्या भडिमारापासून स्वतःला सांभाळणं असू शकतं, माया नसणं नव्हे. सगळ्यांचं सारखं नसतं. माझ्या मुलाला डोळ्यांपेक्षा चढ्या आवाजाचा त्रास जास्त.

कोथरूडकर:
मी स्वतः ऑटिस्टिक, वय ४१. ताई, कारण फक्त आपल्याच मेंदूत शोधू नका. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक ब्रिटिश संशोधकाने २०१२ मध्येच मांडलं, की न समजणं दोन्हीकडून असतं. आपल्याला ऑटिस्टिक नसलेले लोक कळत नाहीत, तसे त्यांनाही आपण कळत नाही.

२०२० मध्ये याच विषयावर कानगोष्टींसारखा प्रयोग झाला. आठ-आठ जणांची साखळी, एकाने ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली, मिश्र साखळीत जास्त गळली. २०२५ मध्ये जास्त लोकांवर प्रयोग केला तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. आपली साखळी मात्र दोन्ही वेळा कमी ठरली नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आईशी समोरासमोर बसून बोलू नका. मी बाबांशी टेकडीवर चालताना बोलतो, दोघांची नजर वाटेवर. तुमच्या आईंना गुडघ्यामुळे ते जमणार नाही, तर शेजारी बसून काहीतरी निवडायला घ्या.

रातराणी:
काल रात्री मटार सोलताना सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग शेंगांकडेच बघत तिने मंगळवारचं पुन्हा सांगितलं: सकाळी सातला निघायचं, डबा घ्यायचा, रिपोर्टची फाइल कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. सगळं ऐकू आलं.

मावशीला अजून सांगितलेलं नाही.