'बहुविवाह' आणि 'पॉलिअ‍ॅमरी' एकच काय?

प्रश्न : एका लेखात पॉलिअ‍ॅमरीला सरळ 'बहुविवाह' लिहिलंय. असं चालतंय काय? आमच्या निपाणीकडं तर दोन्हीला 'दुसरं घर केलंय' एवढंच म्हणतात.

प्रतिसाद : चालत नाही की. बहुविवाह म्हणजे एकाहून जास्त लग्नं. पॉलिअ‍ॅमरीत लग्न असेलच असं नाही, तिघं-चौघं एकमेकांना माहीत असून, सगळ्यांच्या राजीखुशीनं नात्यात असतात. 'दुसरं घर' मध्ये तर पहिलीला विचारतंय कोण? आणि 'ठेवलेली' हा शब्द तर मला ऐकवत नाही, बाई काय वस्तू आहे काय ठेवायला.

शब्द नीट वापरायचा कारण कायदा लग्नावर उभा आहे. आपला भाग तेव्हा मुंबई प्रांतात होता, तिथं 1946 लाच हिंदूंच्या द्विभार्येला बंदी आली, आणि हद्दीपलीकडं जाऊन, म्हणजे तेव्हाच्या कोल्हापूर संस्थानात वगैरे, लग्न लावलं तरी इथल्या माणसाचं ते रद्दच. पुढं 1955 चा हिंदू विवाह कायदा देशभर आला आणि 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो तरी ह्यात काही फरक पडला नाही. आता न्याय संहितेचं कलम 82 : सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर दहा. मुस्लिम पुरुषाला वैयक्तिक कायद्यानं चार लग्नांची मुभा आहे, ते वेगळं.

प्रश्न : मग पहिलीनं बाँड पेपरवर लिहून दिलं तर?

प्रतिसाद : तरी दुसरं लग्न रद्दच. नोटरीचा शिक्का मारून घरी आणलेला तो कागद बघितलाय मी, लोक जपून ठेवतात बिचारे. तक्रार मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं किंवा त्याच्या वतीनं घरच्यांनी करायची, म्हणून सगळे राजी असले तर केस सहसा होत नाही. लग्न न लावता नुसतं एकत्र राहणं हा द्विविवाह नव्हेच, 1965 ला सुप्रीम कोर्टानं दुसरं लग्नसुद्धा रीतसर विधींनी लागलेलं पाहिजे असं म्हटलं, आणि व्यभिचाराचं 497 कलम 2018 ला गेलं. म्हणजे पॉलिअ‍ॅमरीवर खटला नाही, पण तिसऱ्या माणसाला हक्कपण नाही. वारसा नाही, उताऱ्यावर नाव नाही, दवाखान्यात 'तुम्ही कोण?' विचारलं की सांगायला नातं नाही. मला हेच जास्त खुपतंय. रद्द लग्नातल्या पोरांना तरी आईबापाच्या वाट्यात हक्क आहे, 2023 ला सुप्रीम कोर्टानं ते अजून स्पष्ट केलं, ती केस आपल्या कर्नाटकातलीच.

प्रश्न : शब्द कुठला वापरू ते सांगा की!

प्रतिसाद : 'बहुप्रेम' बरा वाटतो, त्यात लग्न येत नाही. 'बहुसंबंध' नको, त्याला लफड्याचा वास येतो. लेख कायद्याचा असेल तर लग्नाला द्विविवाह किंवा बहुविवाह आणि नात्याला बहुप्रेम, असं पहिल्याच परिच्छेदात वेगळं करून टाका.