ताशा वाजवताना कानात काय घालावं?

संदल_दारव्हा: लग्नसराईत रोज तीन-चार तास ताशा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते. कापूस घालतो, फरक नाही. काय घेऊ?

ढोलकीवाला: कापूस काढा भाऊ, त्यानं आवाज नावालाच कमी होतो. हिशेब असा: ८५ डेसिबल ८ तास चालतं, पुढं दर ३ डेसिबलला वेळ अर्धी. १०० ला १५ मिनिटं! मेडिकलातले फोमचे बोळे स्वस्त, पण ताल बोदा ऐकू येतो. वादकांसाठीचे फिल्टरवाले सिलिकॉन प्लग घ्या, १५-२० डेसिबल आवाज कमी करणारे. सूर-ताल साफ राहतो.

संदल_दारव्हा: फोम घातला होता, सारखा निसटते.

ढोलकीवाला: अर्धाच जात असन. बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरा. मळक्या हातानं नाही. फोम धुवू नका, फेका. सिलिकॉन साबणपाण्यानं धुऊन कोरडा करा.

भजनी_वणी: गाणाऱ्याला प्लगात स्वतःचा आवाज घुमतो, सवय लागते. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर आधी कानाचा डॉक्टर, तेल नाही.