जिवंत शंकूशंख रुंद बाजूने धरला तर चालतो का?

वेंगुर्लेकर (प्रश्न):
आमच्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली की मासळीबरोबर शंख-शिंपलेही वर येतात आणि मुले त्यांतले नक्षीदार शंख वेचून खिशात घालतात. परवा त्यांत शंकूच्या आकाराचा, तपकिरी जाळीदार नक्षीचा, आत जीव असलेला एक शंख निघाला. असे शंख विषारी असतात हे ऐकून होतो. परंतु रुंद बाजूने धरल्यास धोका नाही, असे एका जुन्या रापणकराचे म्हणणे पडले. हे कितपत खरे आहे?

किनारा_अभ्यासक:
ही समजूत दूरवर पसरलेली आहे आणि ती घातक आहे. कोनस प्रजातीतल्या या गोगलगाईची सोंड शंखाच्या निमुळत्या टोकातून बाहेर येते हे खरे, मात्र ती लवचीक असून बरीच लांबते, त्यामुळे शंखाच्या कुठल्याही भागावरच्या बोटापर्यंत ती पोहोचू शकते. सोंडेच्या टोकाशी पोकळ, काटेरी दात असतो. तो भक्ष्यात घुसवून त्यातून विष सोडले जाते, आणि एक दात वापरून झाला की पुढच्या वेळी दुसरा पुढे येतो. तुमच्या वर्णनावरून हा ‘कोनस टेक्स्टाइल’ असू शकतो, पण छायाचित्राशिवाय खात्रीने सांगणे योग्य नाही. ही जाती मुख्यतः इतर गोगलगाई खाते. माणसांचे सर्वाधिक मृत्यू मासे खाणाऱ्या ‘कोनस जिओग्राफस’मुळे नोंदले गेले आहेत. पुष्कळ जाती केवळ समुद्रातले कृमी खातात आणि त्यांचा दंश बहुधा सौम्य असतो, तरीही वाळूत उभे राहून जात ओळखण्याचा प्रयोग कोणी करू नये.

मालवणची_वैद्य:
दंश झाल्यास जखम कापणे किंवा चोखणे टाळावे. हात वा पाय हलू न देता त्यावर रुंद पट्टी दाबून बांधावी आणि रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. दुखणे कमी आहे म्हणून थांबू नये, कारण गंभीर दंशात वेदना नाममात्र असूनही बधिरता, अंधुक दृष्टी आणि पुढे श्वसनाच्या स्नायूंचा लकवा येऊ शकतो. या विषावर उतारा उपलब्ध नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे हाच मुख्य आधार असतो. गंमत अशी की ‘कोनस मॅगस’च्या विषातील एका पेप्टाइडवरून (प्रथिनासारख्या छोट्या रेणूवरून) तयार केलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ते मणक्यातील द्रवात सोडावे लागते.

वेंगुर्लेकर:
आभारी आहे. मग मुलांनी रिकामा शंख ओळखावा कसा?

किनारा_अभ्यासक:
नुसते पाहून ओळखता येईलच असे नाही, कारण प्राणी स्वतःला अरुंद फटीत पूर्ण आत ओढून घेतो. जिवंत शंखावर पुष्कळदा तपकिरी पापुद्रा असतो आणि त्याखाली नक्षी झाकली जाते. त्यामुळे रापणीतून आलेला शंकूशंख मुलांनी उचलूच नये. मोठ्यांनी तो फावड्याने पाण्यात परत लोटावा.