इमारतीत शिरण्याचे प्रशिक्षण तालुक्याच्या पोलिसांना द्यावे काय?

निवृत्त शिक्षक, अहेरी तालुका
मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ओस पडलेल्या जुन्या इमारतीत पोलिसांनी, हत्यारबंद माणूस दडलेल्या घरात शिरण्याचा सराव केला. आधी मैदानावर चुन्याने खोल्या आखल्या, दाराच्या जागी दोन विटा ठेवल्या आणि चार-चार जणांच्या तुकड्या रिकाम्या बंदुकांनिशी त्याच त्या दारातून वीस-पंचवीस वेळा आत गेल्या. प्रत्येकाचा कोपरा ठरलेला होता. नळी साथीदाराकडे वळली की प्रशिक्षक शिटी वाजवून सर्वांना परत पाठवीत. हे काम केवळ राज्याच्या फोर्स वनसारख्या दहशतवादविरोधी पथकांवर सोडून भागणार नाही, असे माझे मत आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडला बाहेरून कोण आणि कधी पोहोचणार?

वकील, गडचिरोली
गुरुजी, अंतराचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. बंदोबस्त, समन्स आणि पंचनाम्यांतून ठाण्यातल्या शिपायाला सरावासाठी महिन्यातला एक दिवसही मिळणे कठीण, आणि अर्धवट शिकलेला माणूस दार मोडण्याची घाई करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ नुसार आपण कोण व कशासाठी आलो हे सांगून, आत येऊ देण्याची मागणी करूनही प्रवेश मिळाला नाही, तर दार तोडता येते. आत पडदा पाळणारी स्त्री राहत असेल, तर तिला आधी बाहेर पडण्याची संधी द्यावी लागते. चुन्याच्या त्या नकाशात या पायऱ्या कुठे होत्या?

सी-६० मधील माजी जवान
१९९० साली उभ्या राहिलेल्या, जिल्हा पोलिसांच्या आमच्या नक्षलविरोधी पथकाचे शिक्षण मुख्यतः जंगलाचे. जंगलात आडोसा आणि अंतर असते, दारात दोन्ही नसते. उंबऱ्यावर थबकलेला माणूस पाठीमागच्या उजेडामुळे आतल्याला स्पष्ट दिसतो आणि त्याला स्वतःला अंधारातले काहीच दिसत नाही, म्हणून तिथे थांबू नये हे अंगात मुरेपर्यंत घोटावे लागते. माझी तक्रार निराळी आहे. सिमेंटच्या शाळेत आमच्या घरांचा अंदाज येत नाही. कुडाची लिंपलेली भिंत गोळी अडवत नाही, आणि तिच्यापलीकडे कोणाची तरी म्हातारी निजलेली असते. शिवाय गोळी झाडावी की नाही हे शिकवणाऱ्या चित्रांत कुऱ्हाडवाला हमखास शत्रू असतो. आमच्याकडे माणूस खांद्याला कुऱ्हाड लावून बाजारालाही जातो!

वकील, गडचिरोली
हेच तर मी म्हणतो. मग ठाण्यातल्या शिपायांना घराला वेढा घालून धरणे, शेजारची घरे रिकामी करणे आणि आतल्याशी इथल्या माडिया बोलीत बोलणे एवढेच शिकवावे. आत शिरणे जिल्ह्याच्या पथकाकडे ठेवावे.

निवृत्त शिक्षक, अहेरी तालुका
२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री खुद्द मुंबईत केंद्राच्या एनएसजी पथकाचे जवान पोहोचायला सकाळ उजाडली आणि तोवर स्थानिक पोलिसांनाच गोळ्या झेलाव्या लागल्या. आत माणसे मरत असतील, तर वेढा किती वेळ धरावा? मात्र आमच्या शाळेतल्या सरावाच्या त्या पूर्ण सकाळी दारावर थाप मारलेली मला एकदाही ऐकू आली नाही, आणि हाका दिल्या त्या सगळ्या मराठीत, हे वकीलसाहेबांपाशी कबूल करतो.