आईच्या बायॉप्सीत न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. थांबू की केमो सुरू करू?

प्रश्न:
आई ६१ वर्षांची. शौचातून रक्त जायचं, मूळव्याध समजून दोन महिने गेले. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात गाठ दिसली, सीटीत यकृतावर डाग. काल बायॉप्सी आली: ‘न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, लार्ज सेल, केआय-६७ ८०%’. नेटवर तर लिहिलंय की या गाठी सावकाश वाढतात, लोक वर्षानुवर्षं जगतात. डॉक्टर मात्र याच आठवड्यात केमो म्हणतात, ऑपरेशन आत्ता नको. घाई होतेय का? रिपोर्ट पर्समध्ये आहे, तासातासाला काढून वाचतेय. घडीवरची अक्षरं पुसायला लागलीत.

प्रतिसाद १:
ताई, तुम्ही वाचलंत ते न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरबद्दल. आईंचा कार्सिनोमा, म्हणजे झपाट्यानं वाढणारा कॅन्सर. नाव जवळचं, आजार वेगळा. मीही तिथंच फसलो होतो. केआय-६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी वाढीच्या चक्रात आहेत ते. सावकाश वाढणाऱ्या गाठीत तो बहुधा एक आकडी असतो. आईंचा ८०, माझ्या बाबांचा ९० होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार शंभरात एकालाही धड होत नाही, त्यामुळे ओळखीत कुणी सापडत नाही.

बाबांना कार्बोप्लॅटिन आणि एटोपोसाइड दिलं. तीन दिवस सलाइन, दर २१ दिवसांनी. तिसऱ्या सायकलनंतर यकृतातले डाग निम्म्यावर आले. त्या दिवशी ते खूप दिवसांनी पोटभर जेवले आणि आपलं ताट आपणच उचलून ठेवलं. सात महिन्यांनी आजार परत आला, हेही तुमच्यापासून लपवत नाही. पण ते सात महिने केमोनंच दिले. दुसरं मत जरूर घ्या, केमो मात्र त्यासाठी अडवू नका.

प्रतिसाद २:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दुसऱ्या मतासाठी नुसता कागद पुरत नाही; स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा) मागून घ्या. त्याच ब्लॉकवर बीआरएएफ आणि एमएसआय तपासणी (गाठीच्या जनुकांतले बदल बघणारी) करता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा. काहींना त्यातून पुढच्या औषधाची वाट मिळते. आणि केमोनंतर ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ती:
ब्लॉक उद्या आणते, केमो गुरुवारी. आईला आज सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, केस जातील का?

प्रतिसाद १:
हो, एटोपोसाइडनं जातात. बाबांचे उशीवर पुंजके दिसायला लागले तेव्हा ते फार खचले. आईंना चालणार असेल तर आधीच बारीक कापून घ्या.