जुन्या कॅम्पर व्हॅनचं स्टेअरिंग लूज झालंय, कुठून बघू?

घाटवेडा: मंडळी, जुनी 13 सीटर डिझेल व्हॅन, मागे बेड-किचन बसवून कॅम्पर केलीय. पुढे लीफ स्प्रिंग, पॉवर स्टेअरिंग. सरळ रस्त्यावर सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं, ताम्हिणी उतरताना तर घामच फुटतो. मेकॅनिक म्हणतो स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) बदला. बदलू का?

ग्रीसचा_डबा: थांबा हो, आधी बघा तरी. चाकं जमिनीवरच, हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवा, कोणालातरी स्टेअरिंग थोडंथोडं हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूने वाकून बघा, गाडीखाली शिरू नका. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला हलणारा दांडा) ढिम्म, तर दोष बॉक्सचा. आर्म हलतोय पण चाक उशिरा हलतंय तर ड्रॅग लिंक (आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) नाहीतर टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक), जॉइंटवर हात ठेवला की कटकट लगेच कळते. मग जॅक लावून, खाली स्टँड देऊन चाक वर-खाली हलवा. प्ले (ढिलेपणा) आहे? ब्रेक दाबून परत हलवा, गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या पिनवर चाक डावं-उजवं वळतं ती).

घाटवेडा: आणि बॉक्सवरचा प्ले कमी करायचा स्क्रू आवळला तर?

ग्रीसचा_डबा: उगाच नको. बॉक्स मधे, म्हणजे स्टेअरिंग सरळ असतं तिथे, जास्त झिजलेला असतो, तिथे टाइट केला की वळणावर जाम होतो.

चाकंफिरती: पाण्याची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे का? भरली की पुढचा भाग हलका पडतो, गाडी तरंगल्यासारखी वाटते. रिकामी करून चालवून बघा, आणि हवा चेक करा, फुकटचं काम आहे.